रीमाने लिहिलेली आजी

संपदाच्या फ्रिजच्या दारावर आठवड्याचा तक्ता चिकटवलेला असे. सकाळची शाळा, दुपारी सासूबाईंचे व्यायाम, मग वह्या तपासणं, त्या वर्षी भरीला मतदार याद्यांचं काम. आणि पहाटे पाच ते सहा या चौकटीत एकच शब्द, 'माझं'. तो तास कथा लिहिण्याचा. दोन वर्षांत त्या तासात तिने मुख्यतः कणीक मळली होती.

सासूबाई अर्धांगाच्या झटक्यातून उठून हिंडू-फिरू लागल्या, पण डोकं मागे राहिलं. एकदा सकाळी त्या गाऊनवरच जिना उतरून थेट बाजारापर्यंत गेल्या. तेव्हापासून संपदा आणि तिचा नवरा परेश कामावर निघाले की सांभाळणारी बाई येईपर्यंतचा दीड तास दाराला बाहेरून कुलूप असे. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

या सगळ्यातूनही तिने शनिवार राखला होता. शाळा सुटल्यावर आठवी-नववीची अकरा मुलं थांबत, बहुतेक पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. घरी बोलतात त्याच भाषेत लिहायचं, शुद्धलेखनाचे गुण नाहीत, आणि एकच नियम : इथलं इथेच. "वहीतलं मी कोणाला दाखवणार नाही," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर मुलं खरोखर लिहायला लागली.

जुलैत नववीतल्या रीमाने तीन पानं लिहिली. रीमा वर्गात कधी बोट वर न करणारी मुलगी. तिची आजी पाचूबंदरच्या धक्क्यावर तीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारायची. म्हातारपणी तिला काही आठवेनासं झालं, पण लिलाव राहिला. घरात बसून ती न दिसणाऱ्या पाटीतला हलवा मासा विकायची, "बोला, बोला, घरी पोरं उपाशी हायेत" म्हणायची आणि दार उघडं दिसलं की धक्क्याकडे चालू लागायची. दोनदा तिला पाण्यातून ओढून काढलं. मग बाप कॉन्रॅड बोटीवर आणि आई आल्बिना मासळी घ्यायला गेली की तिचा डावा हात जाळ्याच्या हिरव्या दोरीने खाटेला बांधून ठेवत. सगळ्यांत शेवटी घराबाहेर पडायची रीमा, म्हणून गाठ तीच मारायची. एका सकाळी बोटी उशिरा लागल्या. आई दुपारी परतली तेव्हा आजी गेलेली होती, हात बांधलेलाच होता. बापाने आधी दोरी सोडली, मग शेजाऱ्यांना हाक मारली. सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली. शेवटचं वाक्य होतं : 'मी गाठ जरा घट मारली होती, कारन त्या दिवशी माझा पेपर होता.'

संपदाने ते वाचलं आणि वही मिटून ओट्याशी उभी राहिली. पुढच्या शनिवारी तिने रीमाला एवढंच विचारलं, "हे घरात कोणाशी बोललीस?"

"आईला माहीतच हाय," रीमा म्हणाली. "दुसऱ्या कोनाला नाय."

आणखी बोलायला हवं होतं. पण दीड वाजता सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं. संपदाने वही आपल्या पिशवीत ठेवली, नीट वाचून देते म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथेचं तिने मार्चमध्येच कबूल केलं होतं. आता दहा दिवस उरले होते. चाचणीचे एकशेचाळीस पेपर होते, याद्यांसाठी संध्याकाळी दारोदार फिरायचं होतं. तीन पहाटा ती कोऱ्या कागदासमोर बसली. चौथ्या पहाटे तिने रीमाची वही उघडली.

ती स्वतःला सांगत होती की हे माझंही आहेच. कुलूप काय आणि दोरी काय. आणि लिहिताना ते खरंही वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा हात थांबत नव्हता. तिने नावं बदलली. कोळीवाड्याच्या जागी मिठागरांचं गाव आणलं. डाव्या हाताचा उजवा केला. नात काढून टाकली आणि गाठ सुनेच्या हाती दिली. मुलीला त्यातून वाचवलं, असं तिला मनापासून वाटलं. फक्त लिलाव पुकारणारी म्हातारी तिला बदलता आली नाही. मिठागरावर मासळीचा लिलाव कुठून येणार, हे तिला कळत होतं. पण ती म्हातारी काढली तर कथेत काही उरत नव्हतं.

अंक आला. कथेचं कौतुक झालं. मुख्याध्यापकांनी शाळेच्या वाचनालयात अंक ठेवला, आणि कोणीतरी अभिमानाने त्या पानांचे फोटो कोळीवाड्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले : आपल्या टीचरची कथा. संध्याकाळपर्यंत पाचूबंदरमध्ये सगळ्यांना कळलं होतं ती म्हातारी कोण. धक्क्यावर तीस वर्षं लिलाव पुकारणारी बाई एकच होऊन गेली होती.

आठवड्याने आल्बिना शाळेत आली. मासळीची पाटी तिने फाटकाशी वॉचमनजवळ ठेवली होती. संपदाने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"पोरीने विश्वासाने तुमाला सांगितलं," ती म्हणाली. "तुमी जगाला."

"माझं चुकलं," संपदा म्हणाली. "मी घरी येते. कॉन्रॅडभाऊंशी बोलते."

"तो कोनाशी बोलत नाय. रीमाशी तर नायच. नणंद बोलली, माझ्या आयेला गुरासारखं बांधून मारलं, आता तुमच्या दारात पाय नाय ठेवनार. कोळीवाड्यात मला बघून बायका गप होतात." आल्बिनाने पदराने मान पुसली. "एक सांगायला आलेय. तुमच्या कथेत सुनेने बांधलंय. ते तसंच राहू द्या. रीमाचं नाव कोनाकडे काडू नका. माझं वय झालं, मी ऐकून घेईन. तिला अजून लगीन करायचंय, जगायचंय."

संपदाने मान हलवली. आल्बिना गेल्यावर तिला पाचवीचा तास होता. तो तिने घेतला.

रविवारी ती स्कूटरवरून अर्नाळ्याला गेली. आल्बिनाची नणंद क्लारा किनाऱ्यावर बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत घालत होती. पन्नाशीची उंच बाई. संपदाने नाव सांगितलं तसे तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"मी माफी मागायला आले," संपदा म्हणाली. "ती कथा माझी नव्हती. छापायला नको होती."

"खोटी हाय?"

"सगळी खरी नाही. मी मनाने बरंच बदललं."

"काय बदललंत?"

"नावं. गाव," संपदा म्हणाली.

"माझी आय कुठल्या हाताने बांधलेली?" क्लाराने विचारलं. "तुमी लिवलंय उजव्या. तिचा उजवा खांदा निखळलेला, रातभर दुखायचा. मी रोज रात्री तेच बघते, उजवा हात वर बांधलेला."

"डावा होता," संपदा म्हणाली. "डावा. उजवा मी लिहिला."

क्लाराचे हात पुन्हा थांबले. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे बांधलेली होती."

तोपर्यंत कदाचित तिला थोडी आशा असावी. ती आपणच आत्ता संपवली, हे संपदाच्या लक्षात आलं.

"वयनीनेच बांधलं ना?"

"आल्बिनाताईंचा दोष नाही."

"मंग कोनाचा? तुमाला म्हायती हाय, तर सांगा."

संपदाने खाली पडलेला एक बोंबील उचलून बांबूवर टाकला. वाळूत कावळे बोंबलांवर टपून बसले होते, एक म्हातारा काठीने त्यांना हाकत होता.

"आयेला तुझ्याकडे ठेव, असं कॉन्रॅड दोनदा बोललेला," क्लारा म्हणाली. "माझी दोन खोल्यांची जागा. मी नाय बोलले. आता तो माझ्या दारात उभा राहिला तर मी काय तोंड दाखवू? वयनीला शिव्या देते, ते बरं पडतं." तिने रिकामी टोपली उचलली. "तुमी जा. आनि परत येऊ नका."

घरी येऊन संपदाने संपादकांना पत्र लिहिलं की कथेचा गाभा एका विद्यार्थिनीच्या लेखनातून परवानगीविना घेतलेला आहे, तसा खुलासा छापावा. त्यांचा फोन आला. अंक वर्षातून एकदाच निघतो, ते म्हणाले, शिवाय लेखकाला प्रेरणा कुठून ना कुठून मिळतेच, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. पुढच्या वर्षीची कथा जूनपर्यंत द्या.

शनिवारी अकरापैकी चार मुलं आली. त्यांनी 'माझा आवडता प्राणी' अशा थाटाचं सरळ, स्वच्छ काहीतरी लिहिलं. डिसेंबरात कोणीच आलं नाही. मुख्याध्यापकांनी ती वेळ याद्यांच्या कामाला देऊन टाकली.

नववीचा निकाल लागला आणि रीमाचं नाव शाळेतून काढायला आल्बिना ऑफिसात आली. उत्तनला मावशीकडे राहून रीमा दहावी करणार होती. संपदा कपाटातून वही घेऊन खाली धावली. रीमा जिन्याजवळ एकटीच उभी होती, वर्षभरात अंगाने वाळली होती.

"ही तुझी वही," संपदा म्हणाली. "मी आधीच द्यायला हवी होती. रीमा, मी..."

रीमाने वहीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"आत्याला तुमी सांगितलं नाय, आई बोलली," ती म्हणाली. "मी सांगनार होते. आईने शपथ घातली."

"तुझा काही दोष नव्हता. एक पेपर होता तुझा. तू लहान होतीस."

"गाठ घट होती, टीचर."

ऑफिसातून आल्बिनाने हाक मारली. संपदाने वही पुन्हा पुढे केली.

"राहू द्या," रीमा साधेपणाने म्हणाली. "तुमाला लागंल."

ती आईबरोबर फाटकापर्यंत गेली, रिक्षात बसली. संपदा वही हातात धरून बघत राहिली. मग वरच्या वर्गातून तिला कोणीतरी बोलावलं, तेव्हा ती जिना चढू लागली.