पाहुणीचे दोन शब्द

मित्रांनो, मला तुम्ही लग्नात, जयंतीला, सभेत पुष्कळदा पाहिलं असेल. पण माझा आवाज कुणीच ऐकलेला नाही, कारण तो मला दिलेलाच नाही. मी एक जुना माइक आहे. सुरतेत लिंबायतला राघोकाका नावाचे रिक्षावाले राहतात. त्यांच्या रिक्षात मागच्या सीटखाली माझं घर आहे.

माझ्या तोंडावर लोखंडी जाळी आहे. जाळीच्या आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक. तुम्ही बोललात की हवा हलते, हवेने पडदा हलतो, पडद्याबरोबर वेटोळं हलतं आणि तारेत अगदी क्षीण वीज तयार होते. वायरमधून ती ॲम्प्लिफायरकडे जाते, तिथे मोठी होते आणि रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून पुन्हा आवाज होऊन बाहेर पडते. गंमत म्हणजे भोंग्याच्या पोटातही पडदा, वेटोळं आणि चुंबकच असतं. आम्ही एकाच घराण्यातले. मी ऐकतो आणि तो बोलतो, एवढाच काय तो फरक.

माझी जुळणी दिल्लीजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाली. खोक्यात बसून मी सुरतेच्या बाजारात आलो. त्या काळी राघोकाका पॉवरलूमवर कामाला होते. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. गल्लीतल्या कार्यक्रमांसाठी माइक घ्यायला ते दुकानात आले तेव्हा दुकानदाराने कितीतरी माइक जोडून दाखवले. माझी पाळी आली तेव्हा काकांनी मान हलवली. "याना आवाज माले ऐकू ऊना. हाऊच द्या," ते म्हणाले. पुढे त्यांनी लूम सोडली, रिक्षा घेतली, टपावर भोंगा बसवला आणि आमची जोडी जमली.

मग मी खूप काम केलं. कानबाई देवीची गाणी गायली गेली ती माझ्यासमोर, भीमजयंतीची भाषणं झाली ती माझ्यासमोर. बाजारात चुकलेल्या एका मुलीचं नाव राघोकाकांनी माझ्यातून पुकारलं आणि तिची आई साडीचा पदर सावरत धावत आली, तो दिवस मला सगळ्यात आवडतो. नावडतं म्हणाल तर एकच. मी चालू आहे का, हे बघायला लोक माझ्या जाळीवर बोटं आपटतात. माझा पडदा तुमच्या कानाच्या पडद्यासारखाच नाजूक आहे. राघोकाका अशा माणसावर डोळे वटारायचे. "भाऊ, दरवाजा शे का तो? ठोकी काय ऱ्हायना?"

निवडणुका आल्या की माझी फार विचारपूस होई. एका निवडणुकीला एका पक्षाचा झेंडा रिक्षावर लागे, पुढच्या निवडणुकीला दुसऱ्याचा. मला मत नाही. जो बोलेल त्याचं बोलणं मोठं करायचं, हे माझं काम. त्यात काही चूक असू शकते असं मला कधी वाटलं नव्हतं. तसं वाटायला लावणारी एक संध्याकाळ तुम्हाला सांगतो.

त्या वर्षी आमच्या वॉर्डातून विशाखाताई उभ्या होत्या. बुद्धविहाराच्या खोलीत त्या गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेत. मागच्या खेपेला त्या अगदी थोड्या मतांनी पडल्या होत्या. "या वेळी पडले तर पुन्हा उभी राहणार नाही," असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

माणसांसारखीच देशोदेशींच्या राजकीय पक्षांचीही एकमेकांशी ओळख असते. विशाखाताईंच्या पक्षाने आपला प्रचार बघायला परदेशातल्या काही पक्षांची माणसं बोलावली होती. त्यात मॉरिशसच्या एका पक्षाच्या अश्विनीताई होत्या. सुरतेत मराठी माणसांची वस्ती आहे, हे कळताच त्यांनी लिंबायतला यायचा हट्ट धरला. आमच्याकडचा प्रचार प्रदीपभाई सांभाळत. त्यांना वरून फोन आला. "पाहुण्यांनी बघायचं, विचारायचं. प्रचार करायचा नाही. केला तर त्यांना परत जावं लागेल आणि आपलीही शोभा होईल." प्रदीपभाईंनी हे रिक्षात बसून सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि तरीही जे व्हायचं ते झालं, कारण आपल्याकडे पाहुणा आला की त्याचा सत्कार करायचा असतो.

अश्विनीताई रिक्षातून उतरल्या तेव्हा बायकांनी त्यांना कुंकू लावलं. मग ओवाळलं. मग शाल आणि नारळ. इथपर्यंत ठीक होतं. पण शालीच्या पाठोपाठ कुणीतरी पक्षाचा खेस, म्हणजे पक्षाच्या रंगाचं उपरणं, त्यांच्या गळ्यात घातला, कारण आमच्या सभेत स्टेजवरच्या प्रत्येकाच्या गळ्यात तो असतोच. खेस घातल्यावर टोपी आली. टोपी घातल्यावर फोटो आला. फोटो झाल्यावर त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि मधल्या खुर्चीवरच्या माणसाला दोन शब्द बोलायला सांगायचं, हा तर रिवाजच. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. अश्विनीताईंनी एकदा प्रदीपभाईंकडे बघून गळ्यातल्या खेसाला हात लावला. प्रदीपभाई हसून म्हणाले, "चालशे, ताई, चालशे. घरचाच मान आहे."

आणि मी त्यांच्या हातात आलो.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "माझ्या पणजोबांचे वडील रत्नागिरीहून जहाजाने मॉरिशसला गेले. उसाच्या मळ्यात मजुरी करावयास गेले. ते परत आले नाहीत. आम्ही घरी तिथली क्रिओल भाषा बोलतो. मराठी मी शाळेत शिकले, म्हणून माझी मराठी पुस्तकासारखी आहे. कृपा करून हसू नका."

सगळे हसलेच. पुढच्या रांगेतल्या सुंदराआजी शेजारणीला म्हणाल्या, "मन्हापेक्षा भारी मराठी बोलस ही."

मग हसू ओसरलं. मजुरीसाठी घर सोडणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. कुणाचा बाप धुळ्याहून आला होता, कुणी स्वतः जळगावहून. लूम बंद ठेवून आलेली माणसं टक लावून ऐकत होती. बायका डोळे पुसत होत्या. बोलणारा क्षणभर थांबला आणि गर्दीही गप्प असली, की माझा पडदा थरथरायचा थांबतो. तो अगदी थांबला होता.

तेवढ्यात प्रदीपभाई मागून वाकून कुजबुजले. मला कुजबुजही ऐकू येते; भोंग्यातून ती कुणाला कळली नाही, पण शेजारच्या खुर्चीला कळली. "ताई, आता एवढंच म्हणा. विशाखाताईंना मत द्या. सीट आपली."

शब्दाच्या आधी श्वास येतो, मित्रांनो, आणि तो माझ्यावर आदळतो. अश्विनीताईंनी श्वास घेतला. त्याच क्षणी दुसऱ्या एका हाताने माझं बटण मागे सरकवलं. तो हात विशाखाताईंचा होता.

भोंगा मुका झाला. लोक चुळबुळले. पाहुणीच्या हातातला माइक बंद करणं हा आमच्याकडे केवढा अपमान आहे, ते मी सांगायला नको. विशाखाताईंनी मला आपल्या हातात घेतलं.  त्यांनी बटण पुन्हा पुढे केलं.

"ताई आपल्या पाहुण्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून मी मत मागणार नाही."

"पण ती आपलीच पोर शे ना?" सुंदराआजी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मंग बाहेरनी कशी?"

"आपलीच आहे, आजी. पण लेक नांदते तिथलं घर ती चालवते. माहेरी येऊन भावांच्या वाटणीत पडते का?"

"आते वाटनीमा पोरीना बी हक्क ऱ्हास. कायदामा लिखेल शे."

हशा पिकला. विशाखाताईसुद्धा हसल्या, पण मला सोडलं नाही. "हक्क जमिनीत आहे, आजी, आणि तो मिळायलाच हवा. मत म्हणजे जमीन नव्हे. आपल्याला इथे लोक म्हणतात, तुम्ही बाहेरचे. आपण काय उत्तर देतो? आम्ही इथे राहतो, इथे राबतो, आमच्या दारात गटार तुंबतं, म्हणून इथे आमचं मत. हे उत्तर आपल्या फायद्याला खरं आणि आपल्या तोट्याला खोटं, असं कसं चालेल? अश्विनीताईंच्या दारात आपलं गटार तुंबत नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागचे दोघेतिघे उठून निघून गेले. प्रदीपभाईंनी कपाळाला हात लावला.

 मग अश्विनीताईंनी टोपी काढली, खेस काढला, त्याची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. शाल मात्र अंगावर राहू दिली. "हे गळ्यात पडलं तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही फार प्रेमाने घातलंत."

"मंग चहा तरी ले," सुंदराआजी म्हणाल्या. "चहामा काय पक्ष नही."

चहा आला. तो पीत अश्विनीताईंनी विचारलं, "मी बघायला आणि विचारायला आले आहे. तर विचारू का? तुम्ही मत देता ते काय बघून?" आणि त्यांनी मला लोकांच्या दिशेने धरलं.

इतक्या निवडणुका पाहिल्या, पण माझं तोंड स्टेजकडून गर्दीकडे कधी वळलं नव्हतं. आधी कुणी मला हातात घेईना. मग एका बाईने घेतलं आणि मला पदराने पुसून ती गटाराबद्दल बोलली. दुसरी रस्त्यावरच्या दिव्याबद्दल. एकाने शाळेत मराठीचे वर्ग कमी होत चालल्याचं सांगितलं. मग बाबुराव नावाचे जुने कारागीर उठले. "मी मागल्या वेळी विशाखाताईंना मत दिलं नाही, या वेळीही देणार नाही," ते म्हणाले. "पण गटाराचं ती खरं बोलली."

प्रदीपभाई मला हिसकावून घ्यायला पुढे झाले. विशाखाताई म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना." ते वाक्यही माझ्यातून गेलं आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं.

निकाल लागला. विशाखाताई पडल्या. पुन्हा थोड्याच मतांनी.

मोजणीच्या जागेवरून रिक्षा परत निघाली तेव्हा मी सीटखाली होतो.  प्रदीपभाई म्हणाले, "एक वाक्य होतं, ताई. एका वाक्याने सीट गेली."

"गेली असेल," विशाखाताई म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय ना. घरी जाऊन रडणार आहे." मग त्या म्हणाल्या, "समजा, समोरच्यांनी बाहेरच्या देशातून माणूस आणला असता आणि त्याने आपल्याविरुद्ध मत मागितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"तक्रार केली असती," प्रदीपभाई पटकन म्हणाले.  

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. बाजारात बिनवायरचे माइक आले आणि राघोकाकांनाही तसा एक घ्यावा लागला. मी सीटखाली ऑइलच्या डब्याशेजारी पडून राहिलो. जाळीला गंज चढला, वायर एका ठिकाणी तुटली. झेंडे, टोप्या, खेस यांची पोती माझ्यावरून आली आणि गेली. आपण आता भंगारात जाणार, असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी विशाखाताई रिक्षापाशी आल्या. "काका, मी काही आता उभी राहणार नाही. पण महिन्यातून एका रविवारी गल्लीची सभा घ्यायची आहे. जुना माइक आहे का?"

राघोकाकांनी माझी वायर जोडली, जाळी काढून घासली आणि मला कानाशी धरून हलवून पाहिलं. पडदा शाबूत होता.

आता दर महिन्याला मी बुद्धविहाराच्या पुढच्या चौकात असतो. त्या सभेला स्टेज नसतं. निवडून आलेले कॉर्पोरेटर येतात आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. त्यांना बोलवायला पहिल्यांदा प्रदीपभाईच गेले होते. गेल्या सभेत कॉर्पोरेटरसाहेबांनी सवयीने माझ्यासाठी हात पुढे केला. विशाखाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अजून रांग आहे." साहेबांनी हात मागे घेतला आणि ऐकत बसले. गटाराचं काम आता निम्मं झालं आहे. उरलेल्याबद्दल लोक दर महिन्याला माझ्यासमोर आठवण करून देतात.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. म्हणून थोडं मागतो. माझ्या जाळीवर ठोकू नका, आपलं नाव घेऊन बघा, तेवढ्याने कळतं. वायर धरून मला ओढू नका. काम झालं की कोरड्या कापडाने पुसून ठेवा. आणि दुसऱ्याच्या गल्लीत किंवा दुसऱ्याच्या देशात कुणी प्रेमाने मला तुमच्या हातात दिलं, तर बोलायची घाई करू नका. मला समोरच्या माणसाकडे वळवा. तिथे राहणाऱ्याला काय म्हणायचं आहे, ते मला फार चांगलं ऐकू येतं.