मुरारीच्या बारीची वर्गणी

शिमग्याची वर्गणी नाकारणारं घर वाडीत सहसा निघत नसे. सत्त्याण्णवच्या फाल्गुनात ते निघालं, आणि ते ठकूबाईचं होतं.

पोलादपूरच्या वर डोंगरात वसलेल्या या वाडीची निम्मी माणसं मुंबईत. शिमग्याला बहुतेक परततात. त्या साली मुंबईच्या मंडळानं पालखीच्या दिवशी जाखडी नाचाचा कार्यक्रम, म्हणजे बारी, ठरवली आणि सुपारी दिली शाहीर मुरारीला. मुरारीच्या कॅसेटी महाडच्या एसटी स्टँडवर दिवसभर वाजत. तो या वाडीचाच जावई. त्याची बायको प्रयागबाई दोन वर्षांपूर्वी माहेरी परतली ती उजवा हात पदराखाली धरून. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी भाजून आकसली होती. स्टोव्हचा भडका, असं मुरारीनं सांगितलं. तापवलेलं उलथनं, असं प्रयागबाईनं. वाडीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि कॅसेटी विकत घेतल्या.

"देवीची वर्गणी मागा, आत्ता देते," ठकूबाई म्हणाली. "मुरारीच्या सुपारीला माज्या घरचा पैसा नाय."

गावकीचा म्होरक्या भिकाजी हसला. "वयनी, वर्गणी येकच असते. देवीची येगळी नि शाहिराची येगळी, अशी फाडता येत नाय."

"मंग नाय."

"बरं." तो उठला. उंबऱ्यात थांबून गोड आवाजात म्हणाला, "चांगूदादाचा दम कसा हाय?"

ठकूबाईचा नवरा चांगू महिनाभर खाटेवर होता. महाडच्या डॉक्टरांनी 'घरी न्या' एवढंच सांगितलं होतं. आणि गावकीनं वाळीत टाकलेल्या घराच्या मयताला कुणी जात नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. वाडीतल्याच काशीरामचा बाप वाळीत असताना गेला, तेव्हा काशीरामनं कशेडी घाटात ट्रकवाल्यांचे पाय धरून खांदेकरी आणले होते. बापाचं नावही ठाऊक नसलेल्या माणसांनी म्हातारा नेला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती पोचली आणि बोलणं थांबलं. वाण्यानं मीठ दिलं, पण मान वर केली नाही. गावकीनं अजून काही ठरवलं नव्हतं, तरी वाट मोकळी होत होती. समोरून येणारी माणसं आधीच बांधावर चढत.

"ठके," चांगू आढ्याकडं बघत म्हणाला, "मला खांदा देनार कोन?"

"आपला पोरगा हाय ना. शिमग्याला रजा नाय, पन अक्षय येल तेवा मुंबयवरनं."

"येक झाला."

पालखीच्या दिवशी तिनं तरीही अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचा नारळ काढून ठेवला. पालखी दारावरून पुढं गेली की घर वाळीत पडलं, हे ठरलेलंच. दुपारी ढोल जवळ आला. ती दाराआड उभी राहिली. आवाज कधी लांब जातो, याकडे तिचे कान लागले होते.

आवाज लांब गेला नाही. पालखी वळून अंगणात आली.

तिचे डोळे भरले. तेवढ्यात भिकाजी म्हणाला, "दादानं काशीरामच्या हातनं वर्गणी धाडली. पुरुसानं इचार केला हो."

तिनं मागं पाहिलं. चांगूनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. समोरच्या घराच्या कुडापाशी प्रयागबाई उभी होती. ती आत गेली नाही.

पालखी टेकली. आता घरच्या माणसानं सांगितलेलं गाऱ्हाणं म्होरक्यानं देवीपुढं मोठ्यानं घालायचं आणि जमावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"काय घालू, वयनी? दादाला आराम पडू दे?"

पालखीच्या दांड्याजवळ उभे असलेले खांदे ठकूबाईनं पाहिले. हेच खांदे उद्या लागणार होते. एक शब्द गिळला असता तर ते मिळाले असते.

"बाईच्या हाताला डाग देनाऱ्याला या घरचा पैसा गेला," ती म्हणाली. "तो माघारी येऊ दे."

"असलं गाऱ्हानं नसतं."

"पालखी टेकलीय, भावजी. घाला."

भिकाजीनं जमावाकडं पाहिलं. काशीराम पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. टेकलेल्या पालखीपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. भिकाजीनं भरभर, शब्द खात गाऱ्हाणं घातलं.

कुणी हूं की चूं केलं नाही. ढोलकऱ्यानं टिपऱ्या काखेत धरल्या. उत्तर न आलेलं गाऱ्हाणं घरावरच उलटतं, असं म्हणतात.

"व्हय म्हाराजा!"

आवाज घरातून आला. पाठोपाठ खोकल्याची उबळ.

भिकाजीनं ओटी घेतली नाही. "उचला," एवढंच म्हणाला. पालखी अंगणाबाहेर पडली. ढोल वाजला तो थेट वळणापलीकडं.

ठकूबाई आत आली आणि त्याची पाठ चोळू लागली.

"मीच दिले गो पैसे," तो म्हणाला. "भ्यालो."

"ठावं हाय. मंग आता कशाला वरडलात?"

"तू येकटी उभी व्हतीस." त्याला दम लागला. "आता खांद्याला कोन गो?"

"अक्षय. मी. प्रयागपन देल खांदा."

"बायका?" तो हसायला गेला आणि पुन्हा खोकला. "तीन झाले. चौथा?"

तिनं दाराबाहेर पाहिलं. अंगणातून पालखी गेली होती आणि वाटेवर एक माणूस दिसत नव्हतं. त्याच्या छातीतली घरघर तिच्या तळव्याला लागत होती. हात काढायची तिला भीती वाटली.