अर्ध्या पुलाचं गणित

त्या संस्थेतल्या सुपरकॉम्प्युटरला सगळे हत्ती म्हणत. गावभराची वीज एकटा खायचा आणि असा तापायचा, की गल्लीतली मांजरं त्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसायची. काही तर तिथंच आजी झाली. त्याच्यापुढची रांग मात्र हलता हलायची नाही. म्हणून नदीवरच्या झुलत्या पुलाचं गणित घालताना तिथल्या इंजिनियर ताईनं युक्ती केली. पुलाचे दोन्ही अर्धे सारखेच. मग एकच मोजायचा, दुसरा आरशातला. त्यांच्या धंद्यात हे सर्रास चालतं. हत्तीनं वाऱ्यात अर्धा पूल हलवून पाहिला आणि ठणठणीत आहे म्हणाला.

त्या पुलावरून तिचा थोरला भाऊ बस चालवू लागला. एकदा जेवताना म्हणाला, वारा असला की पूल पुढे चढतो नि मागे उतरतो, पोटात कसंसंच होतं. तिनं हसून त्याला टायर तपासायला सांगितलं.

आज वहिनीबरोबर ओली चादर झटकताना वहिनीकडचा अर्धा भाग वर गेला, हिच्याकडचा खाली. मधलं जागच्या जागी. ताईच्या हातून चादर सुटली. आरशातला पूल इकडे वर गेला तर तिकडेही वरच जाणार. उलटं जायची मुभा तिनं पुलाला दिलीच नव्हती, आणि हत्ती बिचारा विचारल्याचंच उत्तर देणार.

ती तशीच संस्थेत धावली. साहेबांनी तिला समजावून पाहिलं: पूल वाईट निघाला तर पहिली मान तुझीच अडकेल. मान ही इथंच आहे, ती म्हणाली, आधी हत्ती रिकामा करा. हवामानवाल्यांचं काम बाजूला पडलं, त्यांनी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. संध्याकाळपर्यंत पडद्यावर अख्खा पूल आला. अर्धा वर, अर्धा खाली, आणि झोका वाढतच चाललेला. बाहेर वाऱ्यानं खिडक्या वाजत होत्या.

तिनं पुलाच्या चौकीला फोन लावून रस्त्यावर आडवा दांडा टाकून पूल बंद करायला सांगितलं. चौकीदार म्हणाला, मग पूल चांगला म्हणून सांगितलं होतं कुणी?

"मीच."

दादा फोन उचलेना. गाडी चालवताना उचलायचा नाही, ही सवय तिनंच लावलेली.

शेवटी त्याचाच फोन आला. दांड्यापाशी अडकलोय, प्रवासी माझ्या नावानं शंख करताहेत.

"दादा, बस मागे घे. आधी मागे घे, मग बोल."

फोनमधून बस मागे घेतल्याची घरघर आणि वारा ऐकू आला. मग लोखंड पिळवटल्याचा लांबलचक आवाज.

"टायर ठीक आहेत गं माझे," दादा हळूच म्हणाला.

पुलावर कुणी होतं का, हे विचारायला तिची जीभ रेटेना.