घुसलेली काच

चिमटेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी सापडलं नाही, पण चिमटा नाही असा दिवस उजाडला नाही. काच कापण्यात उभा जन्म गेलेला माणूस. कारखाना म्हणायचा तो आपला मानाने, खरं तर घराच्या तळमजल्यावरचं एक लांबट दालन. मधोमध जाड लोकरी नमदा अंथरलेलं मोठं टेबल, भिंतीशी काचा उभ्या ठेवायचे लाकडी घोडे, कोपऱ्यात कडा घासायचं मशीन, आणि कितीही झाडली तरी पायाखाली करकरणारी जमीन. इथे काम करणाऱ्याच्या बोटात अधूनमधून कुसळाएवढी काच जायचीच. मग तो काकांसमोर हात धरून उभा राहायचा. काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, जीभ दातांत धरायचे, आणि समोरच्याने 'आई गं' म्हणायच्या आत काच चिमट्यात असायची. आजूबाजूच्या दुकानांतले लोकही यायचे. एकदा म्हणे दवाखान्यातल्या नर्सनेच एकाला इकडे पाठवलं होतं. ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे, त्यामुळे तिच्यात खरं किती आणि फोडणी किती, कोण जाणे.

कारखान्याचे नियम दोन. पडणारी काच धरायची नाही आणि घुसलेली काच ठेवायची नाही. नवा माणूस कामावर आला की काका त्याला हे दोन नियम ऐकवायचे, आणि पाठोपाठ थोरल्या भावाची गोष्ट. दादा मोठा आरसा घेऊन जिना चढत होता, पाय घसरला, आरसा फुटला आणि सुरीसारखा लांब तुकडा त्याच्या काखेत शिरला. वहिनी वरून धावत आल्या आणि ओरडल्या, "भाऊजी, काढा हो ती काच आधी!" काकांनी काढली. एका झटक्यात, टवकासुद्धा न मोडता. तरी दादा गेला. गाडी येईपर्यंतही थांबला नाही. "पण काच मी आत राहू दिली नाही," असं म्हणून काका गोष्ट संपवायचे.

वहिनी चहा घेऊन खाली आलेल्या असल्या तर ट्रे हातात धरून ऐकत उभ्या राहायच्या. त्यांच्या ओरडण्याची जागा आली की मान हलवायच्या. दिराने करायचं ते सगळं केलं, कुठे कसूर ठेवली नाही, या एका गोष्टीवर त्यांनी एवढी वर्षं काढली होती. दादा गेल्यावर त्या याच घरात राहिल्या आणि काकांची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तिचं पोर त्यांनीच वाढवलं. त्या पोराला सगळे बाळ म्हणायचे. आता बाळाचं लग्न झालं होतं, मिशीत एक पांढरा केस दिसायला लागला होता, तरी तो बाळच.

बाळाची बायको कारखान्याचे फोन आणि ऑर्डरी सांभाळायची. मध्यंतरी विमावाल्यांनी हट्ट धरला की प्रत्येक कारखान्यातून एकाने तरी प्रथमोपचार शिकून आलंच पाहिजे. बाकीच्यांना काम होतं, आणि फोन उचलणं हे काम नव्हे असं काकांचं मत, म्हणून सून गेली. परत आली ती पट्ट्यांचं बोचकं घेऊन. मग काय, संध्याकाळ झाली की वहिनींचा धडधाकट हात गळ्यात बांधला जायचा आणि उशीच्या छातीवर धपाधप दाब पडायचा. जेवताना सुद्धा सुटका नाही. भाजलं तर टूथपेस्ट फासायची नाही, वाहत्या गार पाण्याखाली बराच वेळ धरायचं. नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे झुकवायची. आणि शरीरात मोठं काही घुसलं तर ते काढायचं नाही, दोन्ही बाजूंनी दाबून धरायचं आणि दवाखाना गाठायचा.

काकांचा घास हातातच राहिला. न काढून करायचं काय, त्यांनी विचारलं, त्याच्यावर कॅलेंडर टांगायचं? बाळासकट सगळे हसले. सूनही हसली, पण हटली नाही. कुसळं काढण्यात तुमच्या हाताला तोड नाही बाबा, म्हणाली, पण मोठी काच काढायची नाही. काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. वर्गात बसून जखमा शिकवणारे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे, एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. मनात मात्र त्यांना ते लागलं होतं. दादाचं नाव कुणी काढलं नव्हतं तरी लागलं होतं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुकानाच्या दर्शनी भागाची काच तयार होती. माणसाच्या उंचीची, जाड, कडा घासून झालेल्या, आणि दुपारपर्यंत पोचवायची. बाळ आणि एक कामगार ती घोड्यावरून उचलायला गेले. पुढची एक काच बाजूला सरकवली, तशी ही सुटली आणि झुकली. दोन पावलं मागे सरायचं, बस. कारखान्यात रांगत वाढलेला पोरगा, पहिला नियम त्याला बाराखडीच्या आधी पाठ. पण त्या कडा त्याने सकाळभर घासल्या होत्या. त्याने गुडघा पुढे केला आणि हात पसरले.

आवाज झाला तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. नंतरची शांतता ओळखीची नव्हती. बाळ जमिनीवर बसला होता, पाय पसरून, आणि उजव्या मांडीच्या आतल्या अंगाला, वरच्या बाजूला, काचेचा एक जाड तुकडा उभा होता. तळहाताएवढा बाहेर दिसत होता. आत किती होता ते दिसत नव्हतं. रक्त आश्चर्य वाटावं इतकं थोडं होतं. "बाबा, दुखत नाहीये काही," बाळ म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

काका कधी टेबल ओलांडून गेले ते त्यांना कळलं नाही. हात सवयीने खिशाकडे गेला, पण हे चिमट्याचं काम नव्हतं. त्यांनी खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळलं आणि काच धरायला वाकले. तेवढ्यात जिन्यावर कपबशा फुटल्या आणि वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, काढा हो ती काच आधी!"

काकांची बोटं काचेला टेकली होती. त्याच क्षणी त्यांचं मनगट कुणीतरी धरलं.

"बाबा, हात काढा," सून म्हणाली.

या घरात काकांचा हात कुणी धरला नव्हता. ज्यांनी धरला असता ते कधीच वर गेले होते. काकांना कानशिलात बसल्यासारखं झालं. पोर मरणाच्या दारात आणि ही परकी पोरगी मध्ये उभी. सोड सूनबाई, ते म्हणाले, माझा मुलगा आहे तो.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. "काढलीत तर जाईल तो."

काकांनी हिसका दिला असता तर हात सुटला असता, तिच्या अंगात केवढी ती ताकद. पण बाळ खालून म्हणाला, "बाबा, ती सांगते तसं करा." तो बापाकडे बघतसुद्धा नव्हता, बायकोकडे बघत होता. काकांची बोटं काचेवरून निघाली ती या एका वाक्याने, समजून उमजून नव्हे. ते मनातून जळत होते.

पुढचं सगळं सुनेने केलं आणि काका बघत राहिले. तिने बाळाला सपाट आडवं केलं. कामगाराला गाडीसाठी फोन करायला लावून रस्त्यावर उभं केलं. धुतलेले पंचे मागवले, त्यांच्या घट्ट वळकट्या केल्या आणि काचेच्या दोन्ही अंगांना ठेवल्या. मग तिने सासऱ्याचे दोन्ही हात धरले, वळकट्यांवर ठेवले आणि सांगितलं, इथे दाबा, काचेला धक्का लागू देऊ नका, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तर तिने तो परत पाठवला, ऑपरेशन लागेल म्हणून पाणी नको, पांघरूण आणा. बाळाशी ती सारखी बोलत राहिली, कसल्या तरी राहिलेल्या ऑर्डरीबद्दल, आणि तो डोळे मिटायला लागला की त्याला हाक मारत राहिली.

काका दाबून बसले. काच त्यांच्या दोन अंगठ्यांच्या मध्ये होती, नाकासमोर. आयुष्यभर ज्या हातांनी काच दिसली की ओढली, ते हात आता काच सांभाळत होते. त्यांची बोटं अक्षरशः शिवशिवत होती. वळकट्या हळूहळू लाल झाल्या तेव्हा सुनेने त्यांच्यावर आणखी पंचे ठेवले आणि सगळं तसंच बांधून टाकलं, काच मध्ये मोकळी सोडून. गाडी आली. सून आत चढली. काका आणि वहिनी शेजारच्या दुकानदाराच्या गाडीतून मागून गेले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. एका टोकाला सून बसली, दुसऱ्या टोकाला काका, मधे वहिनी. काका मनात हिशेब मांडत होते, आणि तो सरळ होता. दादाची काच मी काढली, ही आत ठेवून पाठवली. बाळाचं काही बरंवाईट झालं तर या पोरीला मी जन्मात क्षमा करणार नाही. असं ठरवल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, कारण रागाला धरून बसता येतं, भीतीला नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि सर्जनबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढून त्यांनी आधी पेशंट वाचला हे सांगितलं, पायही वाचला, आणि मग पुढचं. सून उठून उभी राहिली होती ती मटकन खाली बसली.

"काच मोठ्या रक्तवाहिनीत घुसली होती," सर्जनबाई म्हणाल्या. "पण बाटलीला बूच बसावं तशी तीच तिथे बसली होती. रक्त तिनेच अडवलं होतं. कुणी हात लावला नाही हे नशीब."

नशीब नव्हतं ते, हे सांगायला वहिनींनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. काका मात्र उठून सर्जनबाईंच्या समोर गेले. त्यांना काय विचारायचं होतं ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांनाच माहीत नव्हतं.

"आणि ओढली असती तर?"

"तर काका, तो गाडी येईपर्यंतही थांबला नसता."

सर्जनबाई निघून गेल्या. त्या बोलल्या ते काही वेगळं नव्हतं. हेच शब्द काकांनी आयुष्यभर वापरले होते, नव्या माणसाला, पाहुण्याला, जो ऐकेल त्याला. ते उभे होते तिथेच उभे राहिले. भिंतीवर घड्याळ होतं, खाली फरशी होती, पण पाय कशावर आहेत ते त्यांना कळेना. त्या दिवशी दादा जिन्याच्या पायरीवर टेकून बसला होता. तो बोलत होता. आज पहिल्यांदा काकांना आठवलं की काच आत होती तोवर दादा बोलत होता. 'काही नाही रे, दुखत नाही,' असंच काहीतरी. मग काकांनी ओढली.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत बाळाचं रक्त सुकलं होतं. मान वर करून वहिनींकडे बघायची त्यांची छाती होईना. आता त्या काय म्हणतील, आणि त्या काहीही म्हणाल्या तरी ते कमीच होईल. ते बाकावर येऊन बसले. सुनेला नर्सने आत बोलावलं होतं. बाकावर आता दोघंच होते.

वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी मी ओरडले होते ना. काढा म्हणून. आज पण ओरडले."

काकांना वाटलं होतं त्या त्यांचा हिशेब मांडत बसल्या असतील. त्या स्वतःचा मांडत होत्या.

"नाही वहिनी," काका म्हणाले. "तुम्ही तेव्हा वरच होता. तुम्ही जिन्यात पोचलात तेव्हा काच माझ्या हातात आली होती."

"गोष्टीत तर तुम्ही दर वेळी सांगता."

"गोष्टीत मी काय वाटेल ते घालतो. रंग भरायला. नर्सने माणूस पाठवल्याचं सांगतो, तेही खोटंच आहे. काढा असं कुणी म्हणालं नव्हतं. मी माझ्या मनाने काढली."

वहिनींनी मान वळवून दिराकडे पाहिलं. शंभरदा ऐकलेली गोष्ट, मान हलवण्याची जागासुद्धा पाठ झालेली. काकांनी नजर हलवली नाही. एवढं सरळ बघत खोटं बोलायला त्यांना पूर्वी कधी जमलं नव्हतं.

"मला माझा आवाज आठवतो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा हात मांडीवर पडला होता. वडील भावजयीच्या हाताला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दोन्ही बाजूंनी दाबून धरला, आणि आतून सुनेने हाक मारेपर्यंत सोडला नाही.