मास्तरांच्या खिशातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची, लोखंडी, चांगली किलोभर वजनाची. स्वभावाने जरा फटकळ आहे. पण मित्रांनो, आता मला धार उरलेली नाही, तेव्हा घाबरू नका.

लोहाराने मला ठोकून घडवलं आणि शिंपीमास्तरांनी दुकान थाटलं त्या दिवशी मला विकत घेतलं. त्यांचा एकच नियम होता: मला कापडाशिवाय कशालाही लावायचं नाही. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्याकडून कागद कापून घेतला. मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं.

"धार जाते तिची! दुसरी कात्री नव्हती का?"

"हिच्यावर आहे तेवढा जीव माझ्यावर असता तर!" काकू हसत म्हणाल्या. मीही तेव्हा जरा फुगलेच.

मग मास्तरांच्या पोटात कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून जठराचा बराचसा भाग काढून टाकला. दोन घासांत पोट भरायचं. त्यानंतर केमो सुरू झाली. त्या औषधामुळे गार वस्तूला हात लागला की बोटांतून वीज गेल्यासारखं व्हायचं, आणि मी तर लोखंडच. त्यांनी मला उचललं आणि "आई गं!" म्हणत टाकून दिलं. मला फार लागलं, पण पडल्यामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मुठींना चिंध्या गुंडाळल्या.

अन्न जाईना, वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, "आणखी उतरलं तर केमो थांबवावी लागेल. अंगाला झेपणार नाही." केमो थांबली की आपण संपलो, एवढंच मास्तरांनी ऐकलं. पुढच्या खेपेला त्यांनी कोटाला आतून खिसा शिवला, त्यात मला घातलं आणि दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभे राहिले.

"अरे वा, काका! या वेळी उतरलं नाही हं," नर्स म्हणाली.

"बघा, माझं सूप लागू पडलं!" काकूंचा चेहरा इतका खुलला की मास्तरांना खरं सांगवेना.

ज्या अंगाला औषध झेपत नव्हतं, त्याच अंगात ते पुन्हा गेलं. तोंड सोलून निघालं. पाण्याचा घोटही उतरेना.

त्यानंतरच्या खेपेला नर्सने वजनाआधी कोट काढायला सांगितला. मी धाडकन फरशीवर पडले. काकूंनी मला उचललं. त्या रागावल्या नाहीत.

"म्हणजे सूप नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

केमो थांबली. आता मास्तर खाटेवरून उठत नाहीत आणि दुकान बंद आहे. काल दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी काकूंना फाडता येईना. हाताशी मीच होते. तो चंदेरी कागद कापताना माझी उरलीसुरली धारही गेली. मास्तर बघत होते. आता ओरडतील, म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी तोंड उघडलं, ते गोळी घेण्यासाठी.

मित्रांनो, चांगल्या कात्रीने कागद कापू नका. आणि कापलात म्हणून घरातलं कुणी ओरडलं, तर त्यांना पोटभर ओरडू द्या.