कडी बाहेरून

रविवारची मिस्सा पाद्रींनी आपणहून पहाटे उरकून घेतली. एकदा उजाडल्यावर चर्चकडे कोणी फिरकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत शनिवारची रात्र रंगते तेव्हा इथे पूर्वेकडच्या बेटांवर, आमच्या इलोइलोच्या किनाऱ्यावर रविवारची सकाळ असते, त्यामुळे जगभरच्या सुंदऱ्यांच्या स्पर्धेचा निकाल आमच्याकडे नाश्त्याच्या वेळी लागतो. बास्केटबॉलच्या मैदानात मोठा पडदा लागला होता. यंदा देशाची सुंदरी म्हणून आपल्याच गावची डेसिरे गेलेली. सगळं गाव देव पाण्यात घालून बसलं होतं.

दुसऱ्या एखाद्या देशाची पोरगी पहिल्या सोळांत आली की तिची मिरवणूक काढतात. आपली आली तर लोक म्हणतात, त्यात काय, येणारच! इतकी वर्षं आपली पोरगी सोळांत येतच आली होती. फक्त एक वर्ष सोडून. त्या वर्षी गेली होती रोडोरा.

तीही ह्याच गावची. नावं संपली तरी ती मंचावर हसत टाळ्या वाजवत उभी होती. आता दर वर्षी स्पर्धेआधी टीव्हीवर जुने निकाल दाखवतात, हिला मुकुट, ती उपविजेती, तिलाही मुकुट, आणि मधे एक कोरी चौकट. तिथे रोडोराचा फोटोसुद्धा लावत नाहीत. गावातली कार्टी तिला 'थँक यू गर्ल' म्हणतात. म्हणजे काय, तर आलीस, आभारी आहोत, आता नीघ. त्याच्या पुढच्या वर्षी ती तापाने फणफणून घरी पडली होती, निकाल बघायला आली नाही, आणि नेमकी आपली पोरगी तिसरी आली. झालं! त्याच्या पुढच्या वर्षी तिला गोड बोलून घरी बसवलं. पुन्हा आपलं नाव आलं. मग गोड बोलायचीही गरज उरली नाही. रोडोरा पांढऱ्या पायाची, हे निकालांनीच सिद्ध केलं होतं, आणि निकालांशी कोण भांडणार?

डेसिरे मात्र मंचावरचं चालणं तिच्याकडेच शिकली. चोरून, भरती ओसरल्यावर, ओल्या वाळूवर. उंच टाचा वाळूत रुतायच्या. रोडोरा ओरडायची, "अगं, म्हैस आहेस का? खांदे मागे घे!" गावाला कळलं असतं तर पोरीच्या आईने दोघींना झोडपलं असतं. विमानात बसायच्या आधी डेसिरेने फोन केला होता. रोडोराला ती 'मानांग', म्हणजे ताई, म्हणायची.

"मानांग, तू पहिल्या रांगेत बसायचंस हं. नाव पुकारलं की मी डाव्या कानाला हात लावीन. तो तुझ्यासाठी."

"बसते गं बाई. तू पडू नकोस म्हणजे झालं."

म्हणून रोडोरा आज नवा झगा घालून मैदानात आली, आणि फाटकातच गावप्रमुख कपितानची बायको फेलिसा आडवी आली.

"आलीस का! बरं झालं. मागच्या खोलीत शेवयांचा बाचॉय शिजतोय, तेवढं बघ ना. कोणाचा हात मोकळा नाही."

"तिया फेलिसा, आज मी बसणार आहे."

"नावं होईपर्यंतच गं. पोरीच्या आईचा तरी विचार कर. तिचं बीपी बघ."

पहिल्या रांगेत डेसिरेची आई, नानाय रोमाना, जपमाळ घट्ट धरून बसली होती. तिने रोडोराकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. रोडोरा निमूटपणे मागे गेली.

ती खोली एरवी खुर्च्या आणि चेंडू ठेवायची. शेगडीवर मोठ्या टोपात रस्सा रटरटत होता. रोडोराने डाव हातात घेतला, तोच मागे दार लागलं, आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

"अहो! कडी का लावता?"

"वाऱ्याने दार उघडतं," फेलिसा बाहेरून म्हणाली. वारा कुठे होता? पानही हलत नव्हतं.

तिने दार ढकललं, मग दोन्ही हातांनी बडवलं. पण तेवढ्यात स्पर्धेची गाणी सुरू झाली आणि तिचं बडवणं तिलाच ऐकू येईना. खोलीत वाफ कोंडली, नवा झगा पाठीला चिकटला. मग नावं सुरू झाली. कोलंबिया. थायलंड. प्यूर्तो रिको. प्रत्येक नावाला मैदान सुस्कारा टाकत होतं. नावं संपत आली, तरी आपलं येईना. रोडोराने दाराला कान लावला. आणि तेवढ्यात, अगदी क्षणभर, तिला वाटून गेलं की नकोच यायला. त्या कोऱ्या चौकटीत मग आपण दोघी असू.

लगेच मैदान असं गरजलं की टोपावरचं झाकण थरथरलं. आलं! आपलं नाव आलं! रोडोरा किंचाळली, डावासकट उड्या मारायला लागली, आणि मघाच्या त्या विचाराची इतकी लाज वाटली की तिला रडूच कोसळलं.

कडी सरकली. नानाय रोमाना धावत आत आली आणि तिच्या गळ्यात पडली. एवढ्या वर्षांत गावातल्या कोणी तिला मिठी मारली नव्हती.

"तुझे उपकार, पोरी! तू आत बसलीस म्हणून झालं!"

"नानाय, दिसत कशी होती ती?"

"राणीसारखी! पण सारखी डाव्या कानाला हात लावत होती बघ. मेलं कानातलं टोचत असणार."

रोडोराने झग्याच्या बाहीने तोंड पुसलं. दार सताड उघडं होतं. पलीकडे गर्दी नाचत होती आणि पडद्याचा एक कोपरा चक्क दिसत होता. चार पावलं टाकली असती तर डेसिरे दिसली असती.

"शूऽऽ! आता सोळांतल्या दहा जणींची नावं काढतायत!" कोणीतरी ओरडलं. नानाय रोमाना तशीच बाहेर पळाली, जाताना दार ओढून घेतलं.

रोडोरा ऐकत राहिली. पावलं लांब जात होती, कडीचा आवाज काही आला नाही. ती दाराशी आली, पण तिने ते उघडलं नाही. फटीला तोंड लावून तिने जिवाच्या आकांताने हाक मारली.

"नानाय! कडी! कडी लावायची राहिली!"