अडकलेला पिस्टन

माझ्या सासूच्या मते मी माझ्या नवऱ्याला मारलं. तेही फोन करून.

त्या दिवशी ठकीला, म्हणजे आमच्या लेकीला, ताप होता. तीन वर्षांची होती. मी फोन केला, "लवकर ये." तो निघाला आणि उतारावर मोटरसायकलवरून फेकला गेला. पुढचं चाक एकाएकी जाम झालं, असं बघणारा एक जण म्हणाला होता, पण त्याचं कोण ऐकतंय? सासूबाईंना फोन पुरेसा होता. "हिने घाई लावली, म्हणून माझा पोरगा गेला." हे त्यांनी भेटायला आलेल्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. आणि रोज निजवताना ठकीला सांगितलं.

आता पोरगी नऊ वर्षांची आहे. माझ्या हातचं जेवते, पण मी जवळ घ्यायला गेले की अंग चोरते. मला सासूची माफी नको होती, शेजाऱ्यांची दया तर मुळीच नको. माझी पोरगी मला परत हवी होती, बस.

ती मोटरसायकल सहा वर्षं मागच्या खोलीत चादरीखाली उभी होती. या महिन्यात सासूबाईंच्या मनात आलं की ती धाकट्याला, म्हणजे माझ्या दिराला द्यावी. पण ती ढकलून बाहेर काढायची तर पुढचं चाक फिरेना.

"गॅरेजात दिवसभर हात काळे करतेसच की," सासूबाई म्हणाल्या. "घरचं काम केलंस तर काही झिजणार नाहीस."

नवरा गेल्यावर मी गॅरेजात लागले. ब्रेकचं काम मला डोळे मिटून येतं, तिथले पुरुषही अडलं की मलाच हाक मारतात. घरात मात्र ते "हात काळे करणं". असो.

रविवारी सकाळी चादर काढली. सासूबाई त्याच खोलीत शिलाई मशीनवर बसून पडद्यांना काठ घालत होत्या. मी काही चोरून नेईन, अशी नजर माझ्यावर. ठकी त्यांच्या पायाशी बसून दोरे गुंडाळत होती.

पुढचा ब्रेक दाबून बघितला. लिव्हर दगडासारखा, तसूभर हलेना. म्हणजे लिव्हर दाबून पिस्टन बाहेर ढकलायचा सोपा मार्ग बंद. कॅलिपर, म्हणजे चाकाच्या चकतीला दोन्हीकडून धरणारा ब्रेकचा जबडा, खोलून हातात घेतला. त्यात शेजारी शेजारी दोन पिस्टन, लिव्हर दाबला की पुढे सरून चकती आवळणारे. ब्रेक सोडला की त्यांनी केसभर मागे सरायचं असतं. हे मेले जागच्या जागी रुतून बसले होते.

गॅरेजात काही शहाणे अशा वेळी हवेचा पाइप लावतात. पिस्टन सुटतो तो बोट घेऊनच. मी ग्रीसची बंदूक आणली होती. ब्रेकच्या नळीच्या भोकात निपल, म्हणजे ग्रीस आत घ्यायची तोटी, बसवलं आणि हळूहळू ग्रीस भरायला लागले. दहा-बारा दाबांत एक पिस्टन हलला. तो पुरता बाहेर आला असता तर सगळं ग्रीस तिथूनच वाया गेलं असतं, म्हणून त्याच्यावर लाकडाचा तुकडा ठेवून क्लॅम्पने आवळला. मग सगळा जोर दुसऱ्यावर. दंड भरून आले. सासूबाई नाकाने कांदे सोलत म्हणाल्या, "धाकट्याने एव्हाना केलं असतं." मी मनात म्हटलं, तुमच्या धाकट्याला सायकलची चेन बसवता येत नाही.

शेवटी तो कुरकुरत सरकला. मग पहिल्याचा क्लॅम्प काढला, दोन्ही ओढून घेतले, ग्रीस पुसलं आणि आतली रबराची रिंग सुईने उचलली.

ती खाचेतून निघता निघेना. फुगली होती. मऊ, लिबलिबीत, पाण्यात राहिलेल्या पावासारखी. गंजाने पिस्टन अडकतात, धुळीने अडकतात, पण रबर असं फुगतं ते एकाच कारणाने. मी उठले आणि हँडलवरची ब्रेकच्या तेलाची डबी उघडली. झाकणाखालचं रबरही तसंच, कुबड आल्यासारखं. खाली ब्रेकचं काळपट तेल आणि वर दुसऱ्याच तेलाचा वेगळा, पातळ थर. वास घेतला. तोच वास माझ्या पाठीमागे, शिलाई मशीनपाशीही होता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. असा आनंद सहा वर्षांत झाला नव्हता.

"आई," मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "याच्या गाडीकडे तेव्हा बघायचं कोण हो? मला तर आठवतच नाही."

"तुला कसं आठवेल!" सासूबाईंनी मशीन थांबवलं. "मी बघायचे. धुवायचे, पुसायचे. जायच्या चार दिवस आधी म्हणाला, आई, त्या डबीतलं तेल कमी झालंय, आणायला हवं. तू कुठे होतीस? मी भरलं."

"तुम्ही? कुठलं?"

"हे काय, मशीनचं. चांगलं, पातळ. नवीन बाटली फोडली होती."

"ठकी, ऐकलंस?" मी म्हटलं. "आजीने स्वतः भरलं. आई, काठोकाठ भरलंत?"

"अगदी काठोकाठ," त्या म्हणाल्या. मान ताठ होती. ठकीनेही कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं.

मी ठकीला जवळ बोलावलं. तिच्या तळहातावर ती फुगलेली रिंग ठेवली आणि शेजारी पिशवीतली नवी कोरी. "दोन्ही एकाच मापाच्या आहेत बरं का," मी म्हणाले. मग नव्या पोराला काम शिकवावं तसं सावकाश सांगितलं. ब्रेकमध्ये ब्रेकचंच तेल लागतं. मशीनचं तेल घातलं की दोन-चार दिवसांत रबर फुगतं, पिस्टन मागे सरत नाही, ब्रेक आपोआप लागून राहतो, तापतो, आणि उतारावर चाक एकदम जाम होतं. बाबाने घाई केली असती तरी, नसती केली तरी.

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितलाही, पोटभर. आधी त्यांना कळलंच नाही. मग हातातला पडदा खाली घसरला.

"मला काय माहीत गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "तेल ते तेल. मला काय माहीत?"

"फोन केला तेव्हा मलाही माहीत नव्हतं, आई."

ठकी दोन्ही रिंगा बोटांनी दाबून बघत होती. पोरगी हुशार आहे, बापावर गेली आहे. तिने वर बघितलं.

"मग आता शाळेत मी काय सांगू?" तिने मला विचारलं. "मी तर सगळ्यांना तुझं नाव सांगितलंय."

शाळेतही! इतकी वर्षं मी त्या फाटकाशी तिची वाट बघत उभी राहायचे, आणि ती सगळी पोरं मला ओळखून होती.

कुणीच मारलं नाही, असं मला म्हणता आलं असतं. तेच खरं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

"आजीचं सांग," मी म्हणाले.

ठकीने मान हलवली. चुकलेलं गणित बाईंनी सुधारून दिलं की हलवते तशी. मग ती माझ्या अगदी अंगाला खेटून उभी राहिली. माझ्या ग्रीसच्या हाताची तिला किळस आली नाही. तिथूनच तिने शांतपणे विचारलं, "आजी, तू मुद्दाम केलंस का गं?"

सहा वर्षांत हे मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मी ठकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले.